वाचनालयाचा ब्राउझर

महिन्याभरात रोज दहा माणसं वाचनालयात दिसली नाहीत, तर ती खोली गणपती मंडळाला सामान ठेवायला द्यायची, असं काळाचौकीतल्या एका चाळीच्या कमिटीनं ठरवलं. वाचनालयात येणारे जयवंत साळसकर जवळजवळ एकटेच. त्यांची सून घरूनच ऑफिसचं काम करायची. दीड खोलीत तिच्या मीटिंगा सुरू झाल्या, की सासऱ्यांनी खोकायचंही नाही. निवृत्त माणसाला दहा ते पाच बसायला जगात ही एकच खोली होती, आणि तिच्यात आता मांडवाचे बांबू येणार होते.

खोलीत एक संगणक होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की लोक बटण दाबून घरी चहा पिऊन यायचे, आणि मग यायचेच नाहीत. जयवंतरावांनी पुतणीला, दर्शनाला, बोलावलं. तिनं जुनं सगळं पुसून एक हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. यंत्र चक्क दोन मिनिटांत उभं राहिलं. जयवंतरावांचे डोळे भरून आले.

"काका, तीन ब्राउझर टाकलेत," दर्शना म्हणाली. "पण मशीन म्हातारं आहे, एका वेळी एकच झेपेल. डिफॉल्ट कुठला ठेवू? म्हणजे आपोआप उघडेल तो."

'तुला वाटेल तो ठेव,' एवढंच म्हणायचं होतं. पण पंचावन्न वर्षं त्या वाचनालयात सभासदांच्या मताशिवाय वर्तमानपत्रसुद्धा बदललं गेलं नव्हतं. जयवंतरावांनी फळ्यावर नोटीस लावली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नावं कुणाच्या लक्षात राहीनात, तेव्हा लोक चिन्हांवर आले. एकाचं चिन्ह कोल्हा, दुसऱ्याचं भिंगरी, तिसऱ्याचं बेडूक. दर्शनाच्या मते बेडूक सगळ्यांत हलका होता. ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. कोल्हा कुणाच्या बाजूनं लिहितो, भिंगरीचा मालक कोण, बेडकात निधनवार्ता कितव्या पानावर येतात, अशी चौकशी सुरू झाली. तिन्हींत अगदी तेच दिसतं, हे तिनं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं.

कमिटीचे अध्यक्ष धर्माभाऊ परब तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "सगळ्यांत तांच असता, तर तीन कित्याक काढल्यानी?" ते म्हणाले. हे चाळीला पटलं, आणि मतदान रविवारी ठरलं.

मंडळाचा शिवा भिंगरीच्या प्रचाराला लागला. भिंगरी सगळ्यांत जड आहे, हे त्यानं दर्शनाकडूनच काढून घेतलं होतं. ती लागली की यंत्र बसणार, यंत्र बसलं की माणसं येणार नाहीत, आणि खोली मंडळाची. शिवा भिंगरीकडे म्हणून धर्माभाऊ कोल्ह्याकडे गेले. दर्शना आपल्या मजल्यावरची पोर म्हणून दुसरा मजला बेडकाकडे झुकला.

रविवारी त्रेचाळीस सभासद आले. कोल्हा चौदा, भिंगरी चौदा, बेडूक चौदा. त्रेचाळिसावं मत जयवंतरावांचं. कुणालाही दिलं तरी अठ्ठावीस माणसं रुसणार, आणि त्यांना तर रोज दहा हवी होती. त्यांनी हात वर केलाच नाही. शेवटी प्रत्येक ब्राउझरला आठवड्याचे दोन-दोन दिवस द्यायचे ठरले. दर्शना चपला घालून निघाली.

आता सगळं संपलं, असं जयवंतरावांनी मनाशी धरलं. पण सोमवारी कोल्ह्याचा दिवस होता, तर बेडूकवाले त्याचे दोष टिपायला वह्या घेऊन हजर. मंगळवारी कोल्हेवाले बेडकाला नावं ठेवायला आले. भिंगरीच्या दिवशी यंत्र खरंच बसलं, तेव्हा ते बसलेलं बघायला अख्खी चाळ लोटली आणि शिवाची पोरं ते बसलेलं नाही हे पटवायला दिवसभर तिथेच राहिली. महिनाअखेर रजिस्टरात रोजच्या सदतीस सह्या निघाल्या. धर्माभाऊंनी सभेत जाहीर केलं, की खोली वाचनालयाचीच राहील.

टाळ्या वाजल्या. जयवंतराव दाराबाहेर उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण आत जागा नव्हती.

"दुसरो विषय," धर्माभाऊ म्हणाले. "गर्दी लय वाढली. प्रत्येक सभासदाक दिवसाक अर्धो तासच."

ठराव एकमतानं मंजूर झाला. बाहेरून जयवंतरावांनीही हात वर केला, कारण नियम त्यांनीच लोकांना शिकवले होते. शिवानं वेळापत्रक वाचून दाखवलं. साळसकर, साडेतीन ते चार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता घरात सुनेची मीटिंग सुरू झाली. जयवंतराव सवयीनं खाली उतरले, वाचनालयाच्या दारातून आत डोकावले आणि शिवाकडे गेले.

"मांडवाचं सामान शेवटी कुठे ठेवलंस रे?" त्यांनी विचारलं.

"गच्चीवरच्या शेडमध्ये. का, काका?"

"काही नाही," जयवंतराव म्हणाले. "बांबूंच्या बाजूला एक खुर्ची मावेल का, बघ."