अँटेनारावांची शेवटची चढाई

घरात अँटेनाराव अखंड बोलत, पण त्यांचं कोणी ऐकत नसे. छतावर मात्र त्यांचा शब्द शेवटचा. (ऑफिसात ते कारकून होते. तिथे पहिलाही शब्द त्यांचा नसे.) टीव्हीवर मुंग्या आल्या की बायको हाक मारायची. मग हे शिडी चढायचे, अँटेना फिरवायचे, वरून "आलं का?" म्हणून ओरडायचे आणि खालून "आलं!" ऐकू आलं की गड जिंकल्यासारखे उतरायचे. गल्लीने त्यांना हे नाव दिलं ते काही उगाच नाही.

त्यामुळे जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल येणार, टीव्हीला नवा डबा जोडावा लागणार, हे कळलं तेव्हा ते धास्तावलेच. उद्या डब्याने आपोआप चित्र आणलं, तर आपल्याला विचारतो कोण? त्यात सासूबाई मुक्कामाला, आणि डबा जोडला नेमकी त्याच संध्याकाळी टीव्हीवर त्यांची गुलाबांच्या लागवडीवर मुलाखत.

"मेकॅनिकला बोलावू का?" बायकोने विचारलं.

"का? मी मेलोय? डबा आला म्हणून अँटेना काय स्वतः फिरणार आहे?"

शेजारीपाजारी टीव्हीपुढे जमले, आणि अँटेनाराव वर चढले.

"आलं का?"

"नाही!"

"मुंग्या किती आहेत?"

"मुंग्या नाहीतच! सगळं काळं!"

अँटेनारावांची पंचाईत झाली. आजवर मुंग्यांच्या दाटीवरूनच तर ते दिशा ओळखत आले होते! त्यांनी अंदाजाने दांडा फिरवला. पण हा नवा डबा सावकाश विचार करून मग चित्र दाखवायचा. खालून "आलं!" ऐकू येईपर्यंत हे पुढे सरकलेले असायचे. मागे यावं, तर पुन्हा तेच.

"अहो, सुरू झालं! आईचं अर्धं तोंड आलं, त्याचे चौकोन झाले आणि गेलं!"

"अर्धं आलंय ना? उरलेलं आणतो!"

खाली बराच वेळ कुजबुज झाली. मग एकदम गलका उठला, "आलं! एकदम स्वच्छ! आता अजिबात हलू नका!"

अँटेनाराव हलले नाहीत. एक पाय कठड्यावर, दोन्ही हात दांड्याला. कावळा येऊन अँटेनावर बसला, त्याला हुश म्हणायचीही त्यांना भीती वाटली. हातांना मुंग्या आल्या. (टीव्हीवरच्या गेल्या कुठे, ते असं कळलं.) तरी मनातून ते फार सुखावले होते. डिजिटल येवो नाहीतर आणखी काही, आपल्यावाचून घराचं अडतंच.

मुलाखत संपल्यावर ते वाकडी मान घेऊन खाली आले.

"पाकळ्यासुद्धा दिसत होत्या हो!" शेजारी म्हणाले.

"हात स्थिर लागतो," अँटेनाराव म्हणाले, आणि त्यांचं लक्ष टीव्हीच्या मागे गेलं. छतावरून आलेली वायर मोकळी लोंबत होती. डब्याला एक बोटभर अँटेना जोडलेली होती. ती डब्याच्या खोक्यातच होती. शेजाऱ्यांनी शोधून लावली होती.

बायको ओशाळली. "तुम्ही इतक्या हौसेनं चढला होतात. तुमचं मन मोडवेना हो."

अँटेनारावांना भरून आलं. "एवढ्यासाठी मला वर राहू दिलंस?"

"छे हो, जावईबापू," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "वर राहू द्या असं मीच सांगितलं. तुम्ही खाली असता, तर माझं एक अक्षर तरी कुणाला ऐकू आलं असतं का? उद्या दुपारी पुन्हा दाखवणार आहेत. शिडी तिथेच असू द्या."