आईच्या दुधातल्या भेसळीचा बंदोबस्त

आईच्या दुधात सर्वांत मोठी भेसळ दुधाचीच असते, हे आता विज्ञानाच्या लक्षात आले आहे. त्या दुधात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्या तरंगतात. पेशी त्यांतून एकमेकींना निरोप धाडतात. त्या पिशव्या निवडायच्या तर मलई, पेशी आणि तत्सम पौष्टिक कचरा आधी काढावा लागतो. (पोरांना हा कचरा फार आवडतो. पोरांना संशोधनातले काय कळते?)

या थोर कार्यासाठी एका संस्थेचा तंत्रज्ञ जिग्नेश, दूध गरगर फिरवून मलई काढणारे यंत्र घेऊन, डहाणूजवळच्या कैनाडला आला. पाड्यावरच्या सुकीने नमुना द्यायचे कबूल केले. नियम सोपा होता. नमुना यंत्रातून सुखरूप बाहेर येईपर्यंत बाळाला पाजायचे नाही. न जाणो, नमुना पुन्हा लागला तर? बाळाने याचा तीव्र निषेध केला, पण तो लेखी नसल्याने विचारात घेता आला नाही.

बाटली भरली आणि वीज गेली. (विजेच्या वक्तशीरपणाबद्दल तालुक्यात दुमत नाही.) मसोलीत वीज आहे असे कळताच जिग्नेश यंत्र कवटाळून रिक्षात बसला. शेजारी मासळी विकून परतणाऱ्या सोनूबाई होत्या.

"मावशी, एवढी बाटली सांभाळा ने. थंड राहिली पाहिजे."

सोनूबाईंनी जन्माचे कसब पणाला लावले आणि बाटली आपल्या डब्यातल्या मीठ घातलेल्या बर्फात गच्च पुरली. मसोली येईपर्यंत दुधाची कुल्फी झाली होती.

"अरे मावशी! आधी मलई काढायची, मग गोठवायचं! आता पेशी फुटल्या, सगळा कचरा पिशव्यांत मिसळला!"

"ताजा माल पयला बर्फात, मंग साफसफाई," सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "पापलेटानं कधी तक्रार नाय केली."

जिग्नेश त्याच रिक्षाने कैनाडला परतला आणि अंगणातूनच ओरडला, "सुकीबेन, परत एकदा! बाळाला पाजू नका!"

सुकीने पदर सारखा केला. "नमुना संपला."

"सगळा?"

"मलईसकट."

जिग्नेशने वरिष्ठांना फोन केला. नमुना एका अनधिकृत व्यक्तीने प्राशन केला आहे. व्यक्ती ढेकर देऊन झोपली असल्याने चौकशी शक्य नाही. तेवढ्यात वीज आली.

एवढा नमुना वाया गेला म्हणून तुम्हीही हळहळला असाल. साहजिक आहे. यंत्र, बर्फ, पापलेट, सगळ्याची तुम्ही आस्थेने दखल घेतलीत. उपाशी बाळ मुलगा की मुलगी, हे मात्र तुम्ही एकदाही विचारले नाहीत. जिग्नेशच्या पथकात एक जागा रिकामी आहे. तुम्ही अगदी योग्य उमेदवार आहात.