बाकावरचा जावई

कोणत्याही गावात सर्वांत कर्तबगार माणूस तोच असतो, ज्याच्या हाती अद्याप काहीही सोपवलेलं नाही. हे तत्त्व राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळीकडे लागू पडतं. पण त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र आमच्या पोर्ट हॅल्डनमध्येच झाला, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे.

पोर्ट हॅल्डन ओहायोत, ईरी सरोवराच्या काठावर. पोलादाचा कारखाना बंद पडला, बंदर गाळाने भरलं, फुटबॉलचा संघ तेवढा शिल्लक आहे. संघाचं नाव स्टोकर्स, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. (बॉयलर आता नाहीत, कोळसाही नाही. टाकणं चालू आहे.) आमचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू फेकण्याचं काम ज्याच्याकडे, तो क्वार्टरबॅक. त्याने चेंडू आपल्याच माणसाकडे फेकावा एवढी शहराची माफक अपेक्षा असते. गेल्या वीस वर्षांत या अपेक्षेपायी सतरा क्वार्टरबॅक आले आणि गेले. प्रत्येकाचं स्वागत विमानतळावर बँड लावून झालं. निरोप ज्याचा त्याने घेतला. त्यांच्यातल्या एकाने पुढे दुसऱ्या राज्यात गाद्यांचं दुकान काढलं. तिथे माल योग्य पत्त्यावर पोचतो असं ऐकतो.

या प्रश्नावर शहरात अधिकारवाणीने बोलणारा माणूस म्हणजे माझ्या बहिणीचा, रीटाचा, नवरा कॅझ व्होयचिक. कॅझ पालिकेची बर्फ काढायची गाडी चालवतो. मिकी ग्रोगनचा रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला की पहिला फोन त्याचा. त्याचा सिद्धान्त थोडक्यात असा: जो खेळतोय तो निकामी, खरा माणूस राखीव म्हणून बाकावर बसलाय. पुराव्यादाखल तो आकडेवारी द्यायचा. बाकावरच्या खेळाडूने या मोसमात एकदाही चेंडू समोरच्या संघाच्या हातात दिलेला नाही. "आकडा खोडून दाखवा," असं म्हणून तो फोन ठेवायचा. आजवर कुणाला खोडता आलेला नाही. पूर्वी कॅझने ज्यांच्यासाठी आंदोलन केलं ते बाकावरचे सगळे यथावकाश खेळले आणि निकामी निघाले. त्यामुळे सिद्धान्ताला बळकटीच आली.

त्या वर्षी खेळत होता ब्रायस हॉलंडर, आणि बाकावर होता नेब्रास्काहून आलेला एमेट सोरेन्सन नावाचा उंच, अबोल पोरगा. सामना चालू असताना सूर्यफुलाच्या बिया फोडण्याखेरीज त्याला काम नव्हतं. त्यात त्याचा एक दात फुटला. (बाकावर बसून झालेली ही स्टोकर्सच्या इतिहासातली एकमेव दुखापत.) तो दात दाखवायला ज्या दवाखान्यात गेला, तिथे कॅझची मुलगी टेस दात साफ करण्याचं काम करते. माझी भाची हुशार आहे. दात एकाच खेपेत झाला असता, पण तिने त्याला पाच वेळा बोलावलं.

तिने त्याला रविवारी जेवायला घरी आणलं, त्या दिवशी कॅझ दोनदा दाढी करून बसला होता. टीव्हीसमोरची मागे कलणारी खुर्ची त्याने पाहुण्याला दिली. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरनाही त्याने सोफ्यावर बसवलं होतं, यावरून काय ते समजा. मग त्याने अगत्याने चौकशी केली: ब्रायसचा गुडघा कसा आहे, दुखतो का, दुखण्याची शक्यता कितपत.

"मिस्टर व्होयचिक, खरं सांगू का?" एमेट म्हणाला. "ब्रायस माझ्यापेक्षा चांगला आहे. मी लांब फेकतो, पण चेंडू कुठे जाईल ते मलाही ठाऊक नसतं."

कॅझने रीटाकडे पाहिलं. "बघ, किती विनयशील पोरगा."

"विनय नाही हो. सरावात मोजतात ना."

"सराव म्हणजे काही सामना नव्हे," कॅझ म्हणाला आणि त्याच्या ताटात आणखी चार पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर साऱ्या शहराने ऐकलं, की एमेट सोरेन्सन लांब फेकतो आणि ही माहिती अत्यंत खात्रीच्या ठिकाणाहून मिळालेली आहे.

उन्हाळ्यात साखरपुडा झाला. पुढच्या जूनमध्ये सेंट हेडविगच्या चर्चमध्ये लग्न ठरलं. बर्फगाड्यांच्या डेपोतल्या लोकांनी कॅझला खांद्यावर घेतलं. बाकावरच्या क्वार्टरबॅकचा सासरा होणं म्हणजे आमच्याकडे महापौरापेक्षा एक पायरी वर. महापौराला निदान निवडून यावं लागतं.

मोसम सुरू झाला आणि ब्रायस ओळीने हरू लागला. कॅझने स्टेडियमच्या उत्तरेकडच्या सगळ्या रांगांना एका तालात "एमेट, एमेट" ओरडायला शिकवलं. प्रशिक्षकही माणूसच होता. ऑक्टोबरात एका शनिवारी त्याने एमेटला बोलावून उद्या तू खेळायचंस म्हणून सांगितलं. एमेट तिथून थेट टेसकडे आला. तिला म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग, उद्या टीव्ही लावू नका."

त्या रविवारी एमेटने चार वेळा चेंडू समोरच्या संघाला दिला, एकदा पंचाला आणि एकदा बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याला. चेंडू लांब जात होते, हे मात्र मान्य करायला हवं. कॅझने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्या रविवारी गारा पडत होत्या, त्यामुळे बोलायलाच नको. तिसरा सामना दक्षिणेत, छत असलेल्या स्टेडियममध्ये झाला. तेव्हा कॅझने तिथला एसी कोणत्या दिशेने सोडतात याची चौकशी केली.

शहराने मात्र चौकशी केली नाही. व्होयचिकांच्या दारासमोर सकाळी बर्फाचा ढीग दिसू लागला. साऱ्या गल्लीचा बर्फ लोक तिथे आणून लोटत होते आणि ज्याच्या दारी लोटत होते तो पालिकेचा बर्फ काढणाराच होता. चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवून शांतीची इच्छा करण्याची वेळ आली की पुढच्या रांगेतले लोक कॅझला वगळून त्याच्या मागच्याला शांती देत. लग्नासाठी ठरवलेल्या हॉलच्या मालकाने फोन करून विचारलं, की लग्न जरा पुढे ढकलता येईल का, किंवा राज्याबाहेर.

हे सगळं कॅझने सोसलं असतं. खरं दुखणं वेगळंच होतं. एमेट खेळायला लागल्यामुळे ब्रायस बाकावर बसला होता, आणि बाकावर बसताच तो झपाट्याने सुधारला होता. तीन आठवड्यांत त्याने एकही चेंडू गमावला नव्हता. हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं असेल, तर सिद्धान्ताच्या जनकाच्या. पण तो बोलू शकत नव्हता. मिकी ग्रोगन रोज विचारायचा, डेपोवाला कॅझ कुठे आहे, तब्येत बरी आहे ना. रीटाने मला बोलावून घेतलं. कॅझ गॅरेजमध्ये बंद गाडीत बसून रेडिओ ऐकत होता. चार दिवस धड जेवला नव्हता.

मी शेजारी जाऊन बसलो.

"फोन करू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

त्याने रेडिओचा आवाज कमी केला. "आयुष्यभर एकच गोष्ट बोललो रे मी," तो म्हणाला. "आता ती खरी ठरत्येय, तर गप्प बसायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रिसीव्हरवर रुमाल धरून फोन लावला आणि आपण टोलीडोहून बोलत असल्याचं सांगितलं. एमेट गुणी मुलगा आहे, तो म्हणाला, पण त्याला बसवा. बाकावर त्याच्यासारखा क्वार्टरबॅक या शहराला मिळाला नव्हता. आणि ब्रायसने तीन आठवड्यांत एकही चेंडू गमावलेला नाही. आकडा खोडून दाखवा.

दवाखान्यात रेडिओ चालू होता. टेसचे दोन्ही हात त्या वेळी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या तोंडात होते. आवाज त्यांनीही ओळखला, पण त्यांना काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

दुपारी ती दवाखान्याच्या कपड्यांतच घरी आली. मी तिथेच होतो.

"टोलीडोत काय करत होतात, बाबा?" तिने विचारलं.

कॅझ उठून उभा राहिला. "अगं, बाकावर बसवा म्हटलं. घराबाहेर काढा नाही म्हटलं. बाकावर तो मला जन्मभर चालेल."

"सगळं गाव त्याला शिव्या देतंय. रविवारी तो इथे येऊन जेवायचा, कारण एवढ्या एका घरात त्याला कुणी काही बोलत नव्हतं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "लग्नात तुमच्याऐवजी मामा माझा हात धरून मला नेईल. तुम्ही मागे बसा. तिथे बाकं आहेत."

ती गेल्यावर कॅझ मला म्हणाला, तुझा कोट आहे ना चांगला, नसेल तर माझा ने. यात टोमणा नव्हता. पुढच्या रविवारी सामना चालू असताना तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला. रीटा सांगते, सोलून झाल्यावर तो ते उगाच धूत राहिला.

प्रशिक्षकाने जनमताचा आदर केला आणि ब्रायस पुन्हा खेळू लागला. तो लगेच हरला; पण तो स्वतंत्र विषय आहे. शहर पुन्हा "एमेट, एमेट" ओरडू लागलं. चर्चमध्ये कॅझला एकाच दिवशी तिघांनी शांती दिली. हॉलवाल्याने फोन करून सांगितलं, की आपला गैरसमज झाला होता. कॅझने या कशाचाच उपभोग घेतला नाही. रेडिओला तर त्याने एकही फोन लावला नाही.

मोसम संपल्यावर एमेट डेपोत आला. कॅझ गाडीखाली होता. तो बाहेर येईपर्यंत एमेट तसाच हातात टोपी धरून थंडीत उभा राहिला.

"तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "टोलीडोच्या फोनबद्दल."

कॅझने हात पुसले.

"थट्टा नाही करत. मला खरंच बसवायला हवं होतं. सगळ्यांना कळत होतं, बोललात एकटे तुम्ही." मग त्याने सांगितलं, की शाळेत भूगोल शिकवायला आणि पोरांचा संघ सांभाळायला बोलावलंय. हो म्हणणार आहे. खेळ सोडतोय.

"सोडतोयस," कॅझ म्हणाला. "म्हणजे रविवारी मोकळा?"

"मोकळा."

त्यावर कॅझने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याच्या कोटाला ग्रीस लावून ठेवलं.

टेसला समजवायला एमेटला वसंत ऋतू पुरा खर्ची घालावा लागला. जूनमध्ये लग्न झालं. माझा कोट वाया गेला. मुलीचा हात धरून कॅझ सरळ रेषेत चालत गेला, अडखळला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही, आणि तो हात त्याने एमेटच्या हातात दिला. पोर्ट हॅल्डनमध्ये गेल्या वीस वर्षांत काहीतरी योग्य माणसाच्या हाती पडल्याची ही पहिलीच वेळ. लोक उभे राहिले.

सप्टेंबर आला. पहिल्या रविवारी आम्ही सगळे जमलो. क्वार्टरबॅक अर्थात ब्रायस. एमेटने मला समजावून सांगितलं, की ब्रायसला लोक उगाच बोलतात, हे काम किती अवघड आहे ते प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही, समोरून पाच-सहा जण अंगावर येत असतात आणि विचार करायला जेमतेम एक श्वास मिळतो. मला ते पटलं. कॅझ टेसकडे बघत गप्प बसला होता.

ब्रायसने पहिला चेंडू समोरच्या संघाला दिला. एमेट म्हणाला, होतं असं.

थोड्या वेळाने दुसरा दिला. एमेटने हातातली ताटली खाली ठेवली आणि तो पुढे सरकून बसला. तिसरा चेंडू सुटला, हवेत वर गेला, आणि तो खाली कुणाच्या हातात पडतोय ते दिसायच्या आतच एमेट शांतपणे म्हणाला, "याला बसवायला हवं. दुसऱ्याला आणा."

"दुसरा कोण आहे?" टेसने विचारलं.

"कुणीतरी नवीन पोरगा आहे. मी पाहिलेला नाही अजून." त्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. "पण चांगला असणार."

कॅझने जावयाला पहिल्यांदाच "बेटा" म्हणून हाक मारली आणि विचारलं, आणखी काही हवं का. टेस उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या नव्या पोराचं नाव मी इथे मुद्दाम दिलेलं नाही. तुम्ही त्याला खेळताना पाहिलेलं नाही. आमचा खेळही तुम्ही बहुधा पाहिलेला नाही. त्याचे नियम मी सांगितले तेवढेच तुम्हाला ठाऊक. तरीसुद्धा ब्रायसला बसवून त्या पोरालाच आणावं, असं तुमचं या घटकेला ठाम मत झालेलं आहे. लाजू नका. मिकी ग्रोगन सकाळी सहापासून फोन घेतो. लाइन सारखी व्यस्त लागली तर समजा, तुमच्या आधी आमच्या भाचेजावयांचा लागलाय.