रोटीच्या वासाची घोंगडी

एल्वूडने तळलेल्या रोटीचा तुकडा तोंडात टाकला आणि जबडा तसाच थांबवून बायकोकडे पाहिलं.

"वर्ना, हे चावत नाहीये."

"मग चोख."

"अगं, नदीची रेती खाल्ल्यासारखं लागतंय. पीठ कुठनं घेतलंस?"

"ओट्याखालच्या पांढऱ्या बादलीतनं. आणि कुठनं घेणार?"

ओट्याखाली पांढऱ्या बादल्या दोन होत्या. एकीत रोटीचं पीठ, बेकिंग पावडर, मीठ सगळं आधीच कालवून ठेवलेलं. दुसरीत कड्यावरची पांढरी माती, भाजून वस्त्रगाळ केलेली. ती कुत्र्याच्या केसांवर भुरभुरायची, लाकडी फळीने केस झोडपायचे, की त्यांचं तेल निघतं. वर्नाने कढईत पाहिलं. रोट्या फुगल्याच नव्हत्या, कौलासारख्या पडून होत्या. मग तिने कोपऱ्यातल्या सुताच्या गुंड्यांकडे पाहिलं आणि मटकन खालीच बसली.

"रोटीत माती गेलीय. म्हणजे…"

"म्हणजे कुत्र्यात पीठ," एल्वूड म्हणाला आणि चूळ भरायला गेला.

एरवी ती हसली असती. पण शनिवारी तिच्या भाचीला, जूनीला, गावाचे सोहळे होतात त्या मोठ्या घरात पणजीचं नाव मिळणार होतं. आणि तिथेच उन्हाळ्यात, गावासमोर उभं राहून वर्ना बोलून बसली होती, की जूनीच्या घोंगडीचा काठ कुत्र्याच्या लोकरीचा असेल, जुन्या बायका करायच्या तसा! लोकरीसाठी पाळायची ती कुत्री पणज्यांच्या काळातच संपली. वर्नाकडे होता तिचा कुत्रा बिशप, पांढरा, ढगाएवढा. वर्षभर त्याला विंचरून तिने केस साठवले होते. मोठ्या घरात उभं राहून दिलेला शब्द आमच्यात मागे घेता येत नाही.

बरं, सूत तरी वाईट निघावं? छे! ताटाएवढी लाकडी चकती लावलेली सूत कातायची चाती फिरायला लागली, तेव्हा एल्वूडने हॉकीची मॅच बंद केली होती. वर्नाच्या बोटांतून नुसतं धुकं जात होतं आणि पलीकडे त्याचा दोर होत होता. ओढला तर तुटेना, गालाला लावला तर जाणवेना. उठसूट ओरडणारी वर्ना स्वतःचीच बोटं बघत राहिली. हे आपल्या हातात आधीपासून होतं, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

आता त्याच सुताला वर्नाची फिलोमेना आत्या नाक लावून बसली होती.

"कुत्र्याचा वास नाही येत," आत्या म्हणाली. "भूक लागतेय."

"आत्या, थट्टा नको. काय करू ते सांग."

"धू."

वर्नाने टबात सूत टाकून वर उकळतं पाणी ओतलं. बघता बघता टबात खळ तयार झाली.

"आत्या! तू धू म्हणालीस!"

"गरम पाण्याने म्हणाले? तुला ना, बाळपणापासून अर्धंच ऐकू येतं."

मग अंगणात गार पाण्याची नळी लावून दिवस घालवला. एल्वूड पिळत होता, वर्ना शिव्या देत होती, बिशप स्वतःचेच केस चाटत होता. शेवटी खळ निघाली, सूत वाळलं, काठ विणून झाला. पहिल्यापेक्षा चमकत होता! वास मात्र काही केल्या जाईना.

"थंडीत कळत नाही," आत्या म्हणाली.

शनिवारी मोठ्या घरात धुन्या पेटल्या. जूनी मधोमध उभी राहिली, खांद्यावर घोंगडी आली. तिला मिळालेलं नाव इथे सांगायचं नाही. ते तिचं आहे. पण नाव पुकारलं गेलं तोवर घोंगडी धगीने तापली होती, आणि ताज्या रोटीचा वास आढ्यापर्यंत गेला.

दार ढकलून बिशप आत आला. त्याच्यामागे दुकानवाल्याची लंगडी कुत्री, मग घाटावरची, मग ज्यांना मालक नाही तीसुद्धा.

"एल्वूड, हाकल!" वर्ना दात आवळून म्हणाली.

"कुणाला? सगळं गावच आलंय."

पण कुत्री ना भुंकली, ना मागे शिजणाऱ्या माशांकडे गेली. जूनीपुढे बसली आणि माना वर करून बघत राहिली. ढोल थांबले. एवढं घर भरलेलं, पण फक्त लाकडं तडतडत होती.

आमच्यात साक्षीला माणसं नेमतात. त्यांनी बघायचं आणि बघितलं तसंच जन्मभर सांगायचं. त्यांतले अ‍ॅम्ब्रोजकाका काठी टेकत उठले.

"मी बघितलं," ते म्हणाले. "पोरीला नाव मिळालं. आणि ज्यांची लोकर, ते बघायला आले. पणज्यांनंतर आज पहिल्यांदा आले."

म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. वर्नाच्याही अंगावर काटा आला. सगळं ठाऊक असूनही आला. तिने तोंड उघडलं. "काका, ते खरं म्हणजे पीठ…"

आत्याने करकचून चिमटा काढला. "साक्षीदाराचं बोलणं तोडू नये."

जेवताना शेजारची लोरेना ताट घेऊन वर्नाजवळ सरकली. "वसंतात माझ्या नातवाचं नाव आहे. मला अशीच घोंगडी विणायचीय. केस आहेत गं माझ्याकडे. पण ते… कुत्र्यांना बोलवायचं कसं, ते शिकवशील?"

वर्नाच्या घशात मासा अडकला. एल्वूडने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते.

फिलोमेना आत्याने शांतपणे आपल्या माशातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नाही बाई," ती म्हणाली. "ते आमच्या घराण्याचं आहे. बाहेर सांगत नाहीत."