डॉक्टरांनी विद्यापीठ बंद पाडलं!

"तू अजिबात काळजी करू नकोस. आज संध्याकाळपर्यंत त्या विद्यापीठाची अख्खी कुंडली काढून तुझ्या हातात देतो!" दातांच्या डॉक्टरांनी लेकीला बजावलं आणि चपला पायात सरकवल्या.

"बाबा, मला त्याबद्दलच जरा बोलायचं होतं."

"संध्याकाळी!" असं म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.

लेकीला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं आणि दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला होता. एक गावातलंच, मोठं, जुनं, दगडी इमारतींचं. त्याचं नाव काढलं की माणसं सावरून बसत. दुसरं नदीपलीकडचं, नवं. त्याचं नाव काढलं की माणसं विचारत, "हे कुठे आलं?" आता दोन्हींपैकी एकाला होकार कळवायचा होता.

डॉक्टरांची बायको लेक लहान असतानाच गेली होती. तेव्हापासून बुटांच्या मापापासून शाळेपर्यंत सगळे निर्णय ते एकटेच घेत आले होते आणि प्रत्येक निर्णयानंतर, ती असती तर काय म्हणाली असती, या विचाराने कूस बदलत आले होते. या वेळी चूक होऊन चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की येणाऱ्या प्रत्येक पेशंटला विचारायचं. दिवसभर माणसं आपणहून समोर येऊन तोंड उघडतात, याहून चांगली सोय ती कुठली? अडचण एकच होती. उघड्या तोंडाने बोलता येत नाही.

"मोठ्या विद्यापीठाचं नाव कसं आहे हो?" ते आरसा आत घालून विचारत.

"आँ... आँ," पेशंट म्हणे.

"वाटलंच मला!" डॉक्टर म्हणत आणि पुढच्या दाढेकडे वळत.

दुपारी मात्र घबाडच हाती लागलं. खुर्चीत खुद्द मोठ्या विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक येऊन बसले! डॉक्टरांनी जबडा बधिर केला, गालात कापसाचे बोळे कोंबले, लाळ ओढणारी नळी अडकवली आणि दाढ कोरायला घेतली.

"सर, आतली गोष्ट विचारतो. तुमच्याकडचा भूगर्भशास्त्राचा विभाग कसा आहे?"

नेमकी त्याच वेळी ती नळी प्राध्यापकांच्या जिभेला जळूसारखी चिकटली. त्यांचे डोळे विस्फारले.

"बं... द!" ते कसेबसे म्हणाले.

डॉक्टरांचा हात थबकला, मशीन मात्र चालूच राहिलं. "बंद? विभाग बंद होणार?"

प्राध्यापकांनी जोरजोरात मान हलवली. "बंद! बंद!"

"अरे देवा! कधी?"

"आत्ता! आत्ता!" प्राध्यापकांनी खुर्चीच्या हातावर दाणदाण मूठ आपटली.

डॉक्टरांनी सुन्न होऊन मशीन थांबवलं, नळी काढली. प्राध्यापकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. संस्थेवर केवढा जीव या माणसाचा, असं वाटून डॉक्टरांना गलबलून आलं. त्यांनी प्राध्यापकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर धरा सर. काळ कठीण आहे." प्राध्यापकांनी त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, बधिर तोंडावर रुमाल दाबला आणि ते तरातरा निघून गेले.

बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत चष्म्याच्या दुकानाचे मालक, चष्मेवाले, बसले होते. त्यांच्याही मुलाला त्याच विभागात प्रवेश मिळाला होता. अर्ध्या दारातून सगळं त्यांच्या कानावर पडलं आणि ते दुखरा दात तसाच घेऊन पळाले. संध्याकाळपर्यंत चष्म्याच्या दुकानात विभाग बंद झाला, औषधांच्या दुकानात विज्ञानाची शाखा बंद झाली, आणि केशकर्तनालयापर्यंत बातमी पोहोचली तेव्हा तर अख्खं विद्यापीठच बंद पडलं होतं!

"निकाल लागला!" घरी येताच डॉक्टर म्हणाले. "मोठ्या विद्यापीठाचा विभाग बंद होतोय."

"कोण म्हणालं?"

"आतला माणूस! रडत होता बिचारा."

लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही गावभर विचारलंत. मला काय हवंय ते विचारलंत का?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मोठ्या विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या विभागप्रमुख बाई होत्या. आवाज बर्फासारखा.

"आपण दातांचेच डॉक्टर ना? मग आमचा विभाग का उपटताय? उद्या सकाळी फाटकाशी पालक जमणार आहेत. आपणही या. खुलासा करायला."

सकाळी डॉक्टर लेकीला घेऊन पोहोचले, तर फाटकाबाहेर ही गर्दी! सर्वांत पुढे चष्मेवाले, मुलाला घेऊन. बाईंच्या शेजारी प्राध्यापक उभे होते, एक गाल पुरीसारखा टम्म फुगलेला. "मी मशीन बंद करा म्हणत होतो हो!" असं ते डॉक्टरांच्या कानाशी कळवळून पुटपुटले. डॉक्टरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण माणूस सरळ होता. पायरीवर चढून, मान खाली घालून त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. "चूक माझी आहे. विभाग उत्तम चाललाय. मुलांना बिनधास्त पाठवा."

लोक हसले. गर्दी सैलावली. बाईंचा चेहराही निवळला. तेवढ्यात चष्मेवाले ओरडले, "मग तुमची मुलगी इथेच येणार ना?"

डॉक्टरांनी मोठ्या विश्वासाने लेकीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "मी नदीपलीकडे जाणार आहे."

झालं! "बघा! स्वतःची पोरगी तिकडे आणि आमची इकडे!" एकच गलका उडाला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"काका, माझं ऐका," लेक पायरीवर चढत म्हणाली. "मला जमिनीखालचं पाणी शिकायचंय. विहिरी का आटतात, ते. मी दोन्हीकडे जाऊन वर्गात बसून आले. इथे खनिजांचं सुंदर शिकवतात, पाण्याचं नाही. आणि हे मला या बाईंनीच सांगितलं."

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "तिने विचारलं, मी सांगितलं. पाण्याचा अभ्यास करायचा तर तिकडेच जायला हवं."

मग चष्मेवाले मुलाकडे वळले. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी त्याला विचारलं, "तुला रे काय शिकायचंय?"

"खनिजं," तो म्हणाला, आणि बापलेक आत गेले. बाकीचेही आपापल्या मुलांशी बोलू लागले.

"मला का नाही सांगितलंस?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"रोज सांगत होते, बाबा."

तिच्या आईने तिचं आधी ऐकून घेतलं असतं, एवढंच डॉक्टरांच्या मनात आलं. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, आणि तिनेही तो सोडवला नाही.

मग काहीतरी भरपाई करावी म्हणून ते प्राध्यापकांकडे गेले. "सर, या आठवड्यात येऊन जा. ती दाढ पुरी करून टाकू."

"नको," प्राध्यापक गाल धरून म्हणाले. "मी दुसरीकडे नाव घातलंय. तुमच्याबद्दल चार लोकांना विचारलं. सगळे म्हणाले, डॉक्टरांचा हात फार हलका आहे."

"मग?" डॉक्टर खुलले.

"पण कान त्याहून हलका आहे!"

आणि शेजारी उभी असलेली लेक, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, खो खो हसत सुटली.