बर्फाला ओवाळलं त्याची गोष्ट

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका लेकरांनो, विचारलंत की गोष्ट लांबते, मधोमध एक डोंगर आडवा पसरला होता. डोंगराच्या पलीकडे ढोपरभर बर्फ पडायचा. अलीकडे चिमूटभरही नाही.

अलीकडे राहायची म्हाळसाक्का अस्वलीण. पलीकडे तिची सख्खी बहीण, गंगाक्का. बर्फ पडला की गंगाक्का गुहेत शिरायची ती थेट होळीलाच डोळे चोळत बाहेर. म्हाळसाक्काला कुठली ही चैन? जंगलाचा रिवाजच तसा. बर्फ पडल्यावर झोपलं तर तो अस्वलाचा धर्म, बर्फाशिवाय झोपलं तर तो आळस!

मग काय, थंडीभर एकच हाकाटी. "म्हाळसाक्का, जागीच आहेस ना? माझी गोधडी शिव." "म्हाळसाक्का, पोरं जरा सांभाळ गं." वनराजांचे तर रोज पाय चेपायचे, आणि सिंहाला पाय चार!

जांभया देऊन देऊन तिचा जबडा दुखायला लागला. शेवटी ती डोंगराच्या खिंडीत जाऊन बसली आणि येणाऱ्या ढगीणबाईला तिनं अडवलंच.

"काय गं, पलीकडे ओंजळीनं देतेस आणि आमच्याकडे येताना ओटी रिकामी?"

"बाई गं," ढगीण धापा टाकत म्हणाली, "समुद्रावरून ओटी भरून निघते. पण हा उभा चढ बघ! वर यावं तसं गारठायला होतं, पाण्याचा बर्फ होतो, ओझं पेलवत नाही. पलीकडेच सांडतं सगळं. तुमच्याकडे उतरते तेव्हा नुसता झटकलेला पदर!"

म्हाळसाक्कानं हे दरबारात सांगितलं. सगळे फिदीफिदी हसले.

"चढ म्हणे!" कोल्हेपंत म्हणाले. "अहो, बर्फ हा मानाचा भुकेला. आपण त्याला कधी अक्षत दिली? मग येईल कसा?"

झाली समिती! अध्यक्ष अर्थात कोल्हेपंत. पहिल्याच बैठकीत भांडण जुंपलं. तो बर्फ की ते बर्फ? "तो असेल तर फेटा बांधू," माकड म्हणालं. "ते असेल तर अंगडं-टोपडं लागेल," हरणी म्हणाली. शेवटी दोन्ही करायचं ठरलं.

अक्षत गेली. ढगीण बिचारी मऊ मनाची. तिनं पलीकडचा मूठभर बर्फ पदराच्या टोकाला बांधला आणि सांभाळत सांभाळत अलीकडे आणून एका केळीच्या पानावर ठेवला. पांढराशुभ्र! म्हाळसाक्काच्या पापण्या तिथल्या तिथे जड झाल्या.

"थांबा!" कोल्हेपंत ओरडले. "दारात आलेल्या पाहुण्याच्या पायावर आधी ऊन पाणी!"

"अहो पंत, ऊन नको!" म्हाळसाक्का कळवळली.

"गार पाण्यानं पाय धुतात का कुणी पाहुण्याचे? लोक काय म्हणतील?"

ओतलं ऊन पाणी. मग हरणीनं पंचारती ओवाळली. मग सांबरीणबाईंनी. मग माकडाच्या साती बायकांनी, कारण एकीनं ओवाळलं तर बाकीच्या रुसतात. वर माकडानं गरम चहाचा कपही पुढे केला. पानावर बघतात तो नुसतं पाणी, आणि त्यात तरंगतोय फेटा.

म्हाळसाक्का मटकन खाली बसली. कोल्हेपंतांनी मात्र डोळे पुसले. "पाहिलंत? आपलं प्रेम पाहून पाहुणा पाझरला! स्वागत यशस्वी! पुढच्या खेपेला दिवे वाढवा. आणि म्हाळसाक्का, तू जागीच आहेस ना? मग वाती वळायला घे."

गाडाभर कापूस तिच्या गुहेपुढे येऊन पडला.

म्हाळसाक्कानं कापसाकडे पाहिलं. कापूस पांढरा होता. मऊ होता. ढोपरभर होता. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कापूस गुहेच्या तोंडाशी पसरला, उरलेला अंगावर ओढला, आणि डोळे मिटले.

सकाळी सगळं जंगल गोळा झालं.

"पडला! पडला!" कोल्हेपंत नाचले. "माझ्या समितीनं बर्फ पाडला!"

हरणीनं नाक लावून पाहिलं. "पण पंत, हा तर ऊबदार लागतोय."

"उच्च प्रतीचा आहे. पलीकडच्यांसारखा थंडगार नाही आपला."

वनराजांनी मान डोलावली. राजानं मान डोलावल्यावर कुणाची बिशाद आहे? ज्याला त्याला बर्फच दिसायला लागला. माकडाच्या साती बायका तर थंडीनं कुडकुडल्या.

इतक्यात बर्फ घोरला. चांगला घर्रर्र करून घोरला.

सगळ्यांनी कोल्हेपंतांकडे पाहिलं.

"ताजा आहे," पंत म्हणाले. "मुरताना आवाज होतोच."

तात्पर्य : लेकरांनो, खोटं कधी बोलू नये. आपण फक्त कापूस पसरून निजावं. खोटं बोलायला समिती असते.