तीन ते चार, सर्किट चालू

ठकी दुपारी झोपायची ती फक्त चालत्या गाडीत. गाडी थांबली की डोळे टक्क उघडे, आणि पाठोपाठ असा भोंगा की शेजारच्या गाडीतला माणूस मुकाट्याने काच वर करायचा. वय सात महिने. त्यामुळे लाल सिग्नल हा तिच्या आईचा जन्माचा वैरी होऊन बसला होता.

आणि गुरुवारी दुपारी तीनला आईची मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीला गाड्यांचे मार्ग आखणारं माणूस हवं होतं. भूगोल घेऊन पहिल्या श्रेणीत पास झालेल्या आईला दीड वर्षात आलेलं हे पहिलंच बोलावणं. तासभर नवऱ्याने ठकीला गाडीतून फिरवायचं, असं ठरलं. पण कुठून फिरवायचं हे नवऱ्यावर सोपवून निवांत बसणाऱ्यांपैकी ती नव्हती. ठकीला कडेवर घेऊन ती दोन दिवस आसपासच्या गल्ल्या पायी हिंडली. सिग्नल नको, गतिरोधक नको, शाळेचं फाटक नको. शेवटी सापडला: सव्वादोन किलोमीटरचा फेरा, सगळी वळणं डावीकडची, थांबणं कुठेच नाही. तो तिने मोठ्या कागदावर आखला. खड्डे लाल ठिपक्यांनी, भुंकणारी कुत्री निळ्या.

कागद बघून नवरा हरखला. टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की त्याला पुढ्यातलं ताट दिसत नसे.

"अगं, हे तर शर्यतीचं स्ट्रीट सर्किट आहे."

"हा झोपेचा रस्ता आहे. खेळ नाही."

"दवाखान्याजवळचं हे वळण बघ, केसांतल्या आकड्यासारखं, अगदी हेअरपिन. इथे कुणाचा बाप ओव्हरटेक करू शकणार नाही."

"तुला कुणाला ओव्हरटेक करायचंय? मुलीला घेऊन वीसच्या वर गेलास तर बघ."

त्याने स्केचपेन काही खाली ठेवलं नाही. संध्याकाळपर्यंत वळणांना नंबर मिळाले, इमारतीसमोर शर्यत संपण्याची काळ्यापांढऱ्या चौकटींची रेघ उमटली, शर्यतीच्या गाड्या टायर बदलायला थांबतात तशी लाँड्रीची 'पिट लेन' झाली आणि कोपऱ्यात 'एकूण फेऱ्या : नऊ' असं आलं.

एकच अडचण उरली. इमारतीसमोर लोक आडव्यातिडव्या गाड्या लावायचे. "ते माझ्याकडे लागलं," नवरा म्हणाला, आणि त्याने नकाशाचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गुरुवारी दुपारी तीन ते चार या मार्गावर सर्किट चालू राहील. कृपया रस्त्यावर गाड्या लावू नयेत.'

ठकीबद्दल लिहायचं राहूनच गेलं.

पहिलं उत्तर आलं इमारतीचे अध्यक्ष, निवृत्त हेडसर यांचं: 'आपल्या भागाला मोटारींच्या शर्यतीचा मान मिळाला, अभिमान वाटतो.' तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या गॅलरीतून हेअरपिन दिसेल का, अशी चौकशी केली. लाँड्रीवाल्याला कुणीतरी पिट लेनची बातमी दिली, तर त्याने दुकान आतून-बाहेरून धुऊन काढलं. आईने ठकी झाल्यापासून हा ग्रुप गप्प करून ठेवला होता. नवऱ्याने पाहिलं तेव्हा दोनशे सदतीस मेसेज झाले होते, आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी बायकोला हे सांगण्याइतका तो शूर नव्हता. 'गाड्या तर काढतायत ना सगळे,' अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी पावणेतीनला गाडी निघाली, आधी मागच्या गल्ल्यांत ठकीला पेंगवायला. 'पेंगली,' असा निरोप आला. आई खिडकीजवळ लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर तीन चेहरे होते. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "गेल्या दीड वर्षात काय केलंत?"

आईने तोंड उघडलं आणि तिची नजर खाली गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या. गच्च्यांवर माणसं. शर्यतीच्या झेंड्यासारखा चौकटीचा टेबलक्लॉथ काठीला बांधून हेडसर मधोमध उभे. तेवढ्यात पहिल्या फेरीला कोपऱ्यावरून नवऱ्याची जुनी गाडी वीसच्या वेगाने वळली, आणि ओरडण्यासाठी सगळ्या रस्त्याने श्वास भरून घेतला.

आई ताडकन उठली, ओठांवर बोट ठेवलं आणि जीव खाऊन म्हणाली, "शूऽऽ."

हेडसरांनी वर पाहिलं, मग गाडीच्या काचेवर तिनेच चिकटवलेला कागद वाचला : 'बाळ झोपलंय.' त्यांनी नुसता हात वर केला. तीस वर्षं वर्ग गप्प करणारा हात तो. अख्खा रस्ता चिडीचूप झाला.

"तुम्ही आम्हाला गप्प बसायला सांगताय?" लॅपटॉपमधून बाई.

"नाही, मॅडम. तुम्हाला नाही. रस्त्याला."

"रस्त्याला."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. आईने लॅपटॉप खिडकीकडे वळवला आणि नकाशा त्याच्यासमोर धरला. "दीड वर्षाचं विचारलंत ना? त्यातले शेवटचे दोन दिवस हे केलं."

तिन्ही चेहरे पडद्याजवळ आले.

"डावीचीच वळणं का?"

"समोरच्या गाडीसाठी थांबावं लागत नाही. थांबलं की गाडीत झोपलेली माझी मुलगी उठते."

"आमचे ड्रायव्हर थांबले की चहाला जातात," डावीकडचे गृहस्थ म्हणाले. "आणि हे निळे ठिपके?"

"कुत्री."

"ही कितवी फेरी?"

"दुसरी."

पुढचा पाऊण तास दुसरा कुठलाच प्रश्न आला नाही. नववी फेरी वळणाशी आली तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी रुजू होता येईल का? आता जा खाली. मुलीला बघा."

ती चार मजले धावत उतरली. हेडसरांनी टेबलक्लॉथ खाली केला आणि शेदीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, हाताला हात न लावता. गाडी थांबली. आईने श्वास रोखला. भोंगा नाही. तिने मागचं दार हळूच उघडलं.

ठकी टक्क जागी होती. तोंडाचा आ वासून गर्दी बघत होती.

"कधी उठली?"

"पहिल्याच फेरीत. इथे, दारासमोरच," नवरा ओठ न हलवता म्हणाला. "एवढी माणसं बघून रडायचंच विसरली."

चवड्यांवर चालत हेडसर आले. तासभर उन्हात उभं राहून शर्ट घामाने चिकटला होता. "झोपली ना नीट?" ते कुजबुजले. "टाचणी पडू दिली नाही मी."

आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे श्वास धरून उभ्या असलेल्या रस्त्याकडे. ठकीची टोपी तिने अलगद डोळ्यांवर ओढली.

"गाढ झोपलीय, सर."

"मग आत्ता मोडू नका तिची झोप," हेडसर म्हणाले. त्यांनी काठी पुन्हा उचलली. "अजून नऊ फेऱ्या होऊ द्या. आम्ही आहोत."